ऑडकमचा धूर

माझा एक जुना विद्यार्थी प्रवासी मंडळींना घेऊन इटलीत जातो. तोच त्याचा व्यवसाय. व्हेनिस, मिलान, फ्लॉरेन्स ही नावे तो अशा सहजपणे घेतो, की ऐकणाऱ्याला वाटावे, हा सातारा, कराड, कोल्हापूर अशा एस. टी.च्या थांब्यांविषयी बोलतो आहे. तिथले डोंगर, तिथली देवळे, तिथले जेवण हे विषय निघाले की गडी थांबत नाही. वर्गात इतिहासाच्या तासाला हाच मुलगा मागच्या बाकावर बसून पेंगत असे, हे आता सांगूनही कुणाला खरे वाटणार नाही.

दर दिवाळीला तो आमच्याकडे फराळाला येतो. गेल्या वर्षी आला तो स्पॅगेटीचा एक पुडा घेऊनच. "काकू, आज स्वयंपाकघर माझं," असे म्हणून त्याने बाह्या सरसावल्या. तासाभराने टोमॅटोच्या लालभडक रश्शात घोळलेले ते प्रकरण आमच्यापुढे आले. सौ.ने ताटलीत निरखून पाहिले आणि म्हणाली, "अरे, या तर शेवयाच की! फक्त खीर करायची राहिली." सगळे हसले. पोरांनी काट्याभोवती त्या शेवया गुंडाळण्याची शर्यत लावली. मी दोन घास काट्याने खाल्ले आणि तिसऱ्याला हात घातला.

जेवणे झाल्यावर तो माझ्याजवळ ओसरीवर येऊन बसला. जरा वेळ गप्पच होता. मग म्हणाला, "सर, परवा आई म्हणाली, 'तुला आता घरचं अन्न गोड लागत नाही. तू तिकडचाच झालास.' मी थट्टेवारी नेलं. पण मनाला लागलं. दुसऱ्याचं ताट आवडलं म्हणजे आपलं नावडतं झालं, असं असतं का हो?"

इतिहासाच्या मास्तराला प्रश्न विचारला की तो उत्तर देत नाही, गोष्ट सांगतो. मी त्याला टॉमस कोरियटची गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

कोरियटचा जन्म १५७७ च्या सुमाराचा. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट नावाचा परगणा आहे; तिथल्या ऑडकम या लहानशा गावात त्याचे वडील धर्मोपदेशक होते. मुलगा ऑक्सफर्डला शिकायला गेला. ग्रीक आणि लॅटिन भरपूर शिकला, पण पदवी न घेताच परतला. पुढे राजपुत्र हेन्रीच्या दरबारी तो वावरू लागला. कशासाठी, तर लोकांना हसवण्यासाठी. विदूषकाची रीतसर नेमणूक नव्हती. पण मेजवानीत कोरियट आला, की आता कुणाची फजिती व्हायची हे सर्वांना ठाऊक असे. त्याचीच!

या माणसाने १४ मे १६०८ रोजी डोव्हर बंदर सोडले. पॅरिस, लियाँ, मग आल्प्सचा घाट ओलांडून तूरिन, मिलान, क्रेमोना, मांतुआ, पादुआ आणि शेवटी व्हेनिस. परतताना व्हेरोना, बेर्गामो, पुन्हा आल्प्स आणि मग स्वित्झर्लंड-जर्मनीतून ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने खाली. ३ ऑक्टोबरला तो लंडनला पोचला. पाच महिन्यांत आपण १९७५ मैल तुडवले, असा हिशेब त्याने दिला आहे. व्हेनिसहून परतीचा बराचसा प्रवास पायी, तोही एकाच जोड्यावर. आणि तो जोडा वाटेत एकदाच शिवून घेतलेला! बेर्गामोला जत्रा भरली होती, बिछाना मिळेना. तेव्हा स्वारी तबेल्यात घोड्यांच्या पायाशी गवतावर झोपली. तक्रार त्याने केली आहे, पण ती हसत हसत.

या प्रवासावर त्याने १६११ साली एक जाडजूड पुस्तक छापले. त्याचे नाव 'कोरियट्स क्रूडिटीज'. म्हणजे न शिजवलेले, कच्चेच घास! पाच महिन्यांत घाईघाईने गिळलेले, असेही त्याने मुखपृष्ठावर सांगून टाकले. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. चारशे वर्षांपूर्वीची ती भाषा वाचताना कोश उशाशी घेऊन बसावे लागले. पण कंटाळा आला नाही. कारण हा माणूस पाहतो कसा, तर खेड्यातून पहिल्यांदाच शहरात आलेल्या पोरासारखा. खांब मोजतो, पायऱ्या मोजतो, पंख्याची किंमत विचारतो. इटलीत घोड्यावरून जाणारे लोक उन्हासाठी चामड्याची छत्री धरतात, हे पाहून चकित होतो आणि तिचे सविस्तर वर्णन लिहून ठेवतो. आपल्याकडच्या वाचकाला छत्रीचे काय कौतुक! पण त्या काळच्या इंग्रजाला ती नवलाची वस्तू होती.

आणि काट्याचे तर विचारूच नका. इटलीच्या सर्व गावांतून त्याला एक चाल दिसली, जी वाटेतल्या दुसऱ्या कुठल्याही देशात त्याने पाहिली नव्हती. लोक एका हाताने सुरीने मांस कापतात आणि दुसऱ्या हातातल्या लहानशा काट्याने ते ताटात धरून ठेवतात. काटे बहुतेक लोखंडाचे किंवा पोलादाचे. चांदीचे फक्त बड्या लोकांकडे. समाईक थाळीला कुणी बोट लावले, तर पंगतीतले बाकीचे नाराज होतात. का, तर सर्वांचीच बोटे सारखी स्वच्छ नसतात! कोरियटला हे पटले. तो स्वतः काट्याने खाऊ लागला. इटलीत, मग जर्मनीत आणि घरी परतल्यावर इंग्लंडातही.

झाले! लंडनच्या मित्रांना आयता विषय मिळाला. लॉरेन्स व्हिटेकर नावाच्या विद्वान मित्राने त्याला भर पंगतीत 'फुर्सिफेर' अशी पदवी बहाल केली. या लॅटिन शब्दाचा सरळ अर्थ काटा बाळगणारा. पण रोमन लोकांच्या तोंडी तीच शिवी होती, बदमाश या अर्थाची. बोटे देवाने दिली असताना हा लोखंडाची नखे कशाला लावतो, अशी ती सारी थट्टा. पुस्तक निघाले तेव्हा त्याच्या सुरुवातीला बेन जॉन्सन, जॉन डन यांच्यासारख्या कवींसह पन्नासांहून अधिक जणांनी स्तुतीच्या मिषाने टवाळीची कवने जोडली. कोरियटने ती सगळी छापली. आपल्यावर हसणाऱ्यांना आपल्याच पुस्तकात पहिल्या पंगतीला बसवणारा लेखक माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

पण गंमत पाहा. याच बेन जॉन्सनच्या १६१६ सालच्या एका नाटकात इटलीतून आलेल्या काट्याचा उल्लेख येतो. त्यामुळे हातरुमालांची बचत होते, असे पात्राच्या तोंडी आहे. टवाळी अजून आहेच. पण वस्तू घरात शिरली आहे! पुढे काही पिढ्यांत इंग्रजाचे जेवण काट्यावाचून होईना, आणि मग तोच काटा घेऊन तो आपल्याकडे आला आणि हाताने जेवणाऱ्यांना हसू लागला. ज्याला काटा दाखवल्याबद्दल त्यांनी स्वतःच बदमाश म्हटले, त्याची आठवण मात्र कुणाला राहिली नाही.

कोरियटचे इटलीवरचे प्रेम आंधळे नव्हते, म्हणून मला ते खरे वाटते. चांगल्या चांगल्या पदार्थांवर ती मंडळी चीज किसून घालतात, याचा त्याला मनस्वी राग. त्याला चीज फारसे आवडत नसे. त्यामुळे समोर आलेल्या सुग्रास अन्नातला आपला वाटा कितीदा तरी सोडावा लागला, असे तो चरफडत लिहितो. क्रेमोनात मात्र तळलेले बेडूक त्याने खाल्ले! व्हेनिसच्या खरबुजांवर तर तो लुब्ध होता; पण लगेच वाचकाला बजावतो, की बाबा, बेताने खा, या गोडव्याच्या पायी माणसे रक्ताच्या हगवणीने दगावतात. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आमच्या पुढ्यात आलेला तो लाल रस्सा कोरियटला इटलीत कुठेच मिळाला नसता. टोमॅटो मूळचा अमेरिकेतला. इटलीत त्याची पहिली नोंद १५४४ मध्ये मात्तिओली या वैद्याच्या ग्रंथात सापडते. पण लोक बरीच वर्षे त्याच्याकडे संशयानेच पाहत. टोमॅटोच्या चटणीची कृती छापली गेली ती नेपल्समध्ये, १६९० नंतर, आणि शेवयांशी त्याची सोयरीक जुळायला एकोणिसावे शतक उजाडले. आपल्या चिवड्यातली मिरची तरी कुठे आपली? तीही अमेरिकेचीच, पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात या किनाऱ्याला लागलेली. ज्ञानेश्वरांच्या काळच्या महाराष्ट्राने लाल तिखट पाहिलेच नव्हते. तेव्हा ताटातले आपले कोणते आणि परके कोणते, हे ठरवताना जरा जपूनच बोलावे.

व्हेनिसमध्ये कोरियट सहा आठवडे राहिला. सेंट मार्कच्या चौकात उभे राहिले, की तुर्क, ग्रीक, ज्यू, आर्मेनियन अशा नाना देशींच्या माणसांच्या भाषा एकाच वेळी कानांवर पडत. हा गावाचा नव्हे, जगाचा बाजार आहे, असे त्याला वाटले. नाटकाला गेला, तर रंगभूमीवर चक्क बायका काम करताना दिसल्या. लंडनला त्या काळी स्त्रियांची कामे पोरे करीत; आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसत, तशीच. बायकांची कामे पुरुषांइतकीच उत्तम झाली, अशी त्याने मोकळेपणाने पावती दिली; पण नाटकगृह मात्र आमच्या लंडनच्या मानाने भिकार, हेही लिहायला तो चुकला नाही. सान रोक्को या संताच्या उत्सवात त्याने गायनवादन ऐकले. जोव्हान्नी गाब्रिएली हा थोर संगीतकार त्या संस्थेचा ऑर्गनवादक होता. असे संगीत पुन्हा ऐकायला मिळणार असेल, तर शंभर मैल पायी चालत जाईन, असे कोरियटने लिहिले. दुसऱ्या कुणी लिहिले असते, तर आपण अलंकार म्हणून सोडून दिले असते. हा खरोखरच चालला असता!

मिलानच्या प्रचंड देवळाच्या शिखरावर चढून त्याने लोंबार्दीचे मैदान पाहिले. नद्या, कालवे, मळे, द्राक्षांचे वेल, आणि दूरवर आल्प्सची रांग. पृथ्वीवरचा स्वर्ग तो हाच, असे त्याला वाटले. मग मांतुआ. तिन्ही बाजूंनी सरोवर, मध्ये ते टुमदार शहर, पाण्यावरून येणारा वारा. तिथे कोरियटच्या मनाने जे घेतले, ते त्याने लपवले नाही. उरलेले आयुष्य इथेच काढावे, असे वाटले, म्हणतो. पण दोन गोष्टी आड आल्या. एक धर्माची, तो प्रॉटेस्टंट, ते कॅथलिक. दुसरी म्हणजे ऑडकम. जगातल्या यच्चयावत गावांच्या विस्तवापेक्षा मला माझ्या ऑडकमचा धूरच प्रिय आहे, अशा आशयाचे वाक्य तो तिथे लिहून जातो.

मी हे वाक्य वाचले आणि कोश मिटून ठेवला. धूर! गावाचे सौंदर्य नाही, कीर्ती नाही, धूर. नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटलेला आहे, ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जातो आहे, आई आतून हाका मारते आहे. ज्याने हे अनुभवले त्याला कोरियट काय म्हणतो ते कोशावाचून कळेल. आणि हे तो कुठे म्हणतो? इटलीतल्या सर्वांत सुंदर वाटलेल्या जागी उभा राहून. घर सोडवत नाही म्हणून मांतुआ त्याला कमी सुंदर दिसले नाही; आणि मांतुआ आवडले म्हणून ऑडकमचा धूर त्याच्या नाकातून गेला नाही. एकाच परिच्छेदात दोन्ही प्रेमे शेजारी शेजारी बसली आहेत.

घरी परतल्यावर त्याने तो झिजलेला जोडा ऑडकमच्या देवळात टांगला. जवळजवळ शंभर वर्षे तो तिथे लोंबत होता. लोकांना हा वेडेपणा वाटला. मला तो नवस फेडल्यासारखा वाटतो.

गोष्ट इथे संपती, तर दिवाळीच्या अंकाला शोभून दिसली असती. पण ज्या पायांना चालायची सवय लागली ते घरात थोडेच राहतात? १६१२ मध्ये कोरियट पुन्हा निघाला. कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, अलेप्पो. आणि तिथून तांड्याबरोबर पायी इराण, कंदाहार, लाहोर, आग्रा आणि १६१५ च्या जुलैत अजमेर. जहांगीर बादशहाचा मुक्काम तेव्हा अजमेरला होता. अलेप्पोपासून अजमेरपर्यंतच्या दहा महिन्यांत या पठ्ठ्याने खर्च किती केला? तीन पौंड! त्यातलेही काही वाटेत लुबाडले गेलेले. इथे तो फारसी शिकला, हिंदुस्तानीही शिकला. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो दरबारी होता. त्याला चुकवून एके दिवशी हा बादशहाच्या झरोक्याखाली उभा राहिला आणि फारसीत खणखणीत भाषण ठोकले. बादशहाने खूश होऊन शंभर रुपये वरून टाकले. रो रागावला, इंग्रजाने असे हात पसरणे म्हणजे देशाची अब्रू गेली, असे त्याला वाटले. कोरियटला वाटले, आणखी काही महिने चालण्याची सोय झाली!

१६१६ च्या ऑक्टोबरअखेर त्याने आग्र्याहून आपल्या आईला पत्र लिहिले. ते बादशहापुढचे भाषणही त्यात मोठ्या हौसेने उतरवून पाठवले. मुलगा कितीही मोठा झाला, तरी बक्षीस मिळाले की आधी आईला दाखवतो.

पुढच्या वर्षी माळव्यात मांडूला तो रोच्या छावणीत होता. तिथे त्याची प्रकृती ढासळू लागली. याच सुमारास एका व्यापाऱ्याने त्याला सांगितले, की इंग्लंडला राजे जेम्स यांच्यापुढे तुमचे नाव काढले, तेव्हा महाराज म्हणाले, "तो खुळा अजून जिवंत आहे का?" आयुष्यभर लोकांचे हसणे हसत सोसलेला माणूस या एका वाक्याने मात्र दुखावला. छावणीतला धर्मोपदेशक टेरी त्याच्याबरोबर एका खोलीत राहत असे. त्याने हे लिहून ठेवले आहे. आपण वाटेतच मेलो, तर एवढे पाहिलेले कुणाला कळायचेही नाही, ही भीती कोरियटला खात होती.

१६१७ च्या अखेरीस तो सुरतेला पोचला. पोटात हगवण लागलेलीच होती. तिथल्या वखारीतल्या इंग्रजांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले. बोलता बोलता कळले, की घरून आलेल्या जहाजावरची सॅक नावाची मद्याची बाटली वखारीत आहे. कोरियट लहान मुलासारखा हरखला. मला द्या, थोडी तरी द्या, म्हणू लागला. प्याला तो बेतानेच, असे टेरी म्हणतो. पण दुखणे बळावले आणि डिसेंबरात त्याचा अंत झाला. वय अवघे चाळीसच्या आसपास. त्याला सुरतेच्या परिसरातच मूठमाती दिली.

पाहा कसे आहे. व्हेनिसच्या खरबुजांनी हगवण होते म्हणून त्याने जगाला सावध केले. इटलीच्या बेडकांनी त्याला काही केले नाही, तुर्कांच्या, इराण्यांच्या, हिंदुस्थानच्या अन्नाने काही केले नाही. तीन पौंडांत मिळेल ते खाऊन तो हजारो मैल चालला. जीव घेतला तो घरच्या चवीने. पाच वर्षांत जी जिभेला लागली नव्हती, त्या चवीच्या ओढीने. सर्वांनी ज्याला तिकडचा, परदेशी खुळाचा म्हणून हिणवले, तो शेवटी ऑडकमचाच निघाला.

एवढी गोष्ट मी त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याला सांगितली. तो काही बोलला नाही. जाताना सौ.कडून चकल्यांचा डबा मागून घेतला आणि म्हणाला, "सर, पुढच्या खेपेला मांतुआला मंडळींना घेऊन जाईन. वाटेवरून फुटतं, पण कुणी जात नाही."

पुढे पंधरा दिवसांनी त्याच्या आई मला बाजारात भेटल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "मास्तर, पोरानं सांगितली ती गोष्ट मला. सगळी सांगितली." मला वाटले, आता मुलाविषयी काही बोलतील. पण त्यांनी एकच विचारले, "त्याच्या आईला ते पत्र पोचलं का हो?"

पत्र इंग्लंडला पोचले होते. १६१८ साली लंडनमध्ये ते छापूनही निघाले. पण तेव्हा ते लिहिणारा सुरतेच्या मातीत होता, आणि ऑडकमच्या देवळात त्याचा जोडा टांगलेला होता. यातले किती सांगावे, मला कळेना.

"पोचलं," मी म्हणालो.

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून चालू लागल्या. चार पावले गेल्यावर मागे वळल्या. "त्या जाड शेवया करायला शिकवतो म्हणालाय मला. घरी चूल पेटते आहे तोवर काय, काहीही शिजवावं."